रडण्याचा दंड

३ जानेवारी १९९२ रोजी मी आमच्या आवक-जावक कारकुनाकडून पाच रुपये दंड घेतला. पावतीवर कारण लिहिलं : तालमीत रडणे.

ऑफिसच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही एक जुनी शोकांतिका बसवत होतो. दिग्दर्शक हेडक्लार्क, खजिनदार मी. आवक-जावकवाला सरदार झाला होता. शत्रूने बायको-मुलं मारल्याची बातमी सरदाराला कळते, आणि त्याने तलवार उपसून गरजायचं, असा प्रवेश. हा पठ्ठ्या मात्र बातमी ऐकली की मटकन खाली बसायचा आणि खरोखर रडायचा.

"हातात बांगड्या भरल्यास का रे?" हेडक्लार्क म्हणाले. "मर्द गडी आहे तो. सूड घेईल की डोळे पुसत बसेल?"

"साहेब, आधी रडेल, मग घेईल सूड. पोरं त्याचीच ना?"

"तुझ्या सरदाराचं नाक पुसून होईतो शत्रू जेवून झोपेल."

सगळे हसले. तोही हसला. दंडाची कल्पना माझी. खिशाला चटका बसला की डोळे आपोआप आटतात, असं मी म्हणालो होतो. सात तालमींत सात पावत्या फाडल्या. आठव्या तालमीत तो गरजला. प्रयोगाला टाळ्या पडल्या आणि त्याचं नावच सरदार पडलं.

चार वर्षांनी त्याची नऊ वर्षांची मुलगी तापाने गेली. पाचव्या दिवशी तो कामावर आला आणि पाकिटांवर शिक्के मारू लागला, एकही वाकडा नाही. हेडक्लार्कनी पाठ थोपटली. "याला म्हणतात मर्द." मीही मान डोलावली.

रविवारी त्याच्या घरी गेलो. तो औषधाची न उघडलेली बाटली परत करायला दुकानात गेला होता. वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी एकटीच रडते. हे भिंतीकडे तोंड करून बसतात. पोर काय माझ्या एकटीची होती?"

"सावरेल तो, वहिनी. धीराचा आहे," मी म्हणालो. दंडाचं सांगायला जीभ रेटली नाही.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. निरोपाच्या दिवशी मी त्याच्या हातात पाकीट ठेवलं.

"हे कसलं?"

"तालमीतला दंड. माझं चुकलं होतं."

त्याने पाकीट उघडून पाहिलं, पुन्हा नीट बंद केलं आणि माझ्या खिशात सरकवलं.

"आता घेऊन काय करू? रडायला येतच नाही रे."

त्याचे पस्तीस रुपये मी अजून देणे लागतो.