कोळशाची खूण

वडिलांनी दोन कासवं आणली तेव्हा विकणाऱ्यानं दोन्ही नर असल्याचं सांगितलं होतं. वडिलांनी लगेच जाहीर केलं, "हे सख्खे भाऊ." पुढं बारा वर्षं ते भाऊ छावणी भागातल्या आमच्या घराच्या अंगणात कोबीची पानं खात हिंडले. वडील गेले, आणि दीड महिन्यानं कढीपत्त्याखाली माती उकरताना आईला चार अंडी सापडली.

वडील गेल्यापासून आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. म्हणाली, "ह्यांना सांगायला पायजे होतं, भाऊ नव्हते म्हणून."

तिचं माहेर दौलताबादचं, घरात कायम कोंबड्या. तिनं टोपलीत भुसा भरला, वर बल्ब टांगला आणि प्रत्येक अंड्यावर कोळशानं खूण केली. सकाळी खूण वर, संध्याकाळी खाली. "कोंबडीबी फिरवतीच की. एका कुशीवर ठेवलं तर पिल्लू टरफलाला चिकटतंय." त्या टोपलीपायी ती वेळेवर उठायला, जेवायला लागली. शेंद्र्याच्या कारखान्यातून ड्युटी करून आलो की आधी अंड्यांची खबर मिळायची. मी नुसतं "हं" म्हणायचो. एकदा मोबाइलवर शोधून पाहावं, एवढंही मला सुचलं नाही.

तीन महिन्यांनी अंड्यांना वास सुटला. ती घेऊन मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. खुणा पाहून ते म्हणाले, "हे बरं केलंत. वरची बाजू वरच राहावी म्हणून ना?"

रोज फिरवत होतो म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, कासवाचं अंडं एकदा मातीत टेकलं की फिरवायचं नसतं, आतला जीव मरतो. त्यांनी एक फोडून दाखवलं. आत नखाएवढं पिल्लू होतं.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. घरात पाऊल टाकताच बोललो, "तूच मारलंस त्यांना. रोज दोनदा." खरं तर मी माझ्यावरच चिडलो होतो, पण बोलून बसलो. आईनं टोपली धुतली आणि पालथी घातली.

यंदा मादीनं पुन्हा त्याच जागी माती उकरली. आईनंच मला हाक मारली. मी एकेका अंड्यावर, मातीत होतं तसंच, वरच्या बाजूला कोळशानं खूण केली आणि टोपलीत ठेवायला पहिलं अलगद उचललं.

"जरा धर," म्हणालो.

तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"नाय रे बाबा. माझा हात नको लागायला."