खाल्लेल्या दोन मात्रा

मेम्फिसच्या खालच्या अंगाला, आमच्या कापसाच्या गावात दर ऑगस्टात ब्लूज गाणाऱ्या होझिया टगवेलच्या नावाने जत्रा भरते, आणि दर ऑगस्टात मला शिसारी येते. हाच होझिया जिवंत होता तेव्हा चर्चमधल्या बायका त्याला बघून रस्ता बदलायच्या. सैतानाची गाणी म्हणतो म्हणे! आता त्याच बायका त्याचं तोंड छापलेले कागदी पंखे विकतात आणि डोळ्यांत पाणी आणून सांगतात, "आमचा होझिया!" मी तिथेच कॅटफिश तळत असते. मनात आणलं तर एकेकीला मक्याच्या पिठात घोळवून कढईत सोडीन.

पण मला सांगायचंय ते क्लिओथा बिनियनबद्दल. हा माणूस आठवडाभर सरकी काढायच्या जिनमध्ये कापसाच्या गाठी बांधायचा आणि शनिवारी माझ्या बापाच्या खानावळीत होझियाच्या मागे ड्रमवर बसायचा. एकतीस वर्षं बसला. पुढे होझियाच्या रेकॉर्ड निघाल्या, शिकागो झालं, परदेशचे दौरे झाले, तेव्हाही मागे क्लिओथाच. फोटोंत होझिया अख्खा दिसतो, क्लिओथाचं नुसतं कोपर.

होझियाचं नाव झालं ते एका खोडीमुळे. ओळ पुरी व्हायच्या आत तो दोन मात्रा खायचा आणि थेट पुढच्या ओळीवर उडी घ्यायचा. ऐकणाऱ्याचा ठेका चुकायचा. जगभरच्या पोरांनी ती उडी उचलली. तिच्यावर जाडजूड पुस्तकं निघाली. एकात लिहिलं होतं की ही बेड्या तोडू पाहणाऱ्या आत्म्याची झेप आहे. ते पुस्तक मी मासे साफ करताना खाली अंथरलं.

सोळा वर्षांपूर्वी होझिया कार्यक्रम संपवून गाडीत बसला आणि तिथेच छाती धरून गेला. त्या दिवसापासून क्लिओथाने काठ्या हातात घेतल्या नव्हत्या. यंदा जत्रेचा अध्यक्ष आणि चर्चचा कारभारी, डीकन प्रेंटिस, स्वतः त्याच्या दारात आला. "क्लिओथाकाका, यंदा तुम्हीच वाजवायचं."

एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा माझ्याकडे शर्टाला इस्त्री करायला आला. चेहरा बघण्यासारखा होता.

"व्हर्लीन, त्याचं गाणं एकदा नीट वाजवायचंय. एकदाच. मग मेलो तरी चालेल."

"मर, पण कॉलर जाळू नकोस," मी म्हटलं आणि इस्त्री त्याच्या हातातून काढून घेतली.

दुपारी तालीम झाली. गाणारा डेन्मार्कचा, यॉर्न नावाचा. गोड पोरगा, टोपीसुद्धा होझियासारखीच तिरकी. दोनदा गाणं सुरू झालं, दोनदा मध्येच फिस्कटलं.

"काका, तिसऱ्या ओळीत तुम्ही उडी घेतली नाहीत."

"तू खांदा उचलला नाहीस."

"खांदा?"

"होझियाचा श्वास संपला की उजवा खांदा वर जायचा. मग मला कळायचं, हा आता ओळ तोडणार. मी त्याला तिथे गाठायचो. कधी पहिल्या ओळीत, कधी तिसऱ्या, कधी नाहीच. तुला दमा आहे का रे बाळा?"

पोरगा ओशाळून हसला. "नाही. पण रेकॉर्डवर तर तिसऱ्याच ओळीत आहे."

"त्या दिवशी तिसऱ्या ओळीत धाप लागली होती त्याला."

यॉर्नने प्रेंटिसकडे बघितलं. प्रेंटिसने घड्याळाकडे. मग खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने, तो क्लिओथाला म्हणाला, "काका, मेम्फिसहून एक ड्रमवाला आलाय. तुम्ही आपलं पुढच्या खुर्चीत बसा. लोकांना तुमच्याबरोबर फोटो हवे असतात."

मी झारा घेऊनच धावले. "लाज वाटत नाही का रे प्रेंटिस? ह्याला हे वाजवायला शिकवणार तू?"

"मिस व्हर्लीन, लोक लांबून आलेत. त्यांना रेकॉर्डसारखं लागतं."

क्लिओथा स्टुलावरून उठला. काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि इस्त्रीच्या शर्टात खुर्चीत जाऊन बसला. लोकांनी फोटो काढले. कुणी तरी त्याच्या हातात होझियाचा पंखा दिला.

संध्याकाळी पाचला गाणं झालं. मेम्फिसवाल्याने मोजून मापून तिसऱ्या ओळीत दोन मात्रा खाल्ल्या, आणि दोन हजार माणसं एकदम "हो!" करून ओरडली. मी क्लिओथाचा दंड धरला. "ऊठ. ह्या मेल्यांची तोंडं बघत बसू नकोस."

तो उठला नाही. "त्यांच्यावर कशाला चिडतेस? मी केलं हे."

"काय केलंस तू?"

"त्याला धाप लागायची ते कुणाला कळलंच नाही, कारण मी कळू दिलं नाही. तो अडखळला की मी झाकायचो, एकतीस वर्षं. एकदा जरी मी त्याला गाठलं नसतं आणि गाणं मोडून पडलं असतं, तर कुणी तरी विचारलं असतं ना, होझिया, काय होतंय तुला? डॉक्टरकडे नेलं असतं. पण गाणं छान चाललं होतं, व्हर्लीन."

मी त्याचा दंड सोडला. दर शनिवारी बापाच्या खानावळीत त्या उडीला सगळ्यांत मोठ्याने टाळी मीच वाजवायचे.