बातमी छापायची कुणी?

बाई आधी वर्तमानपत्रात उपसंपादक होत्या. कॉलेजने विद्यार्थ्यांच्या पाक्षिकाला सल्लागार म्हणून त्यांना बोलावलं, तेव्हा वर्षभर मुलांचा एकेक मजकूर त्यांनी स्वतःच धुऊनपुसून काढला. अंक देखणे निघायचे, मुलं मात्र होती तिथेच. संपादक झालेली मुलगी तर साध्या मथळ्यालाही विचारायची, "बाई, चालेल ना?"

बाईंची नणंद याच वयाच्या मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारी. जेवताना ती म्हणाली, "वहिनी, या वयात आधी वाटतं, बरोबर उत्तर मोठ्यांच्या खिशात असतं. मग वाटतं, ज्याचं त्याचं मत. स्वतः पारखून ठरवणं त्याच्याही पुढचं. तू पोरांना पहिल्याच पायरीवर बसवून ठेवलंयस. जरा अवघड काम दे आणि पाठीशी उभी राहा. नुसता भार टाकलास तर घाबरतील, नुसतं सांभाळलंस तर सुस्तावतील."

बाईंना झोंबलं, पण पटलंही.

पुढच्या अंकासाठी बातमी आली: मेट्रन मुद्दाम वसतिगृहाचं गरम पाणी बंद ठेवतात.

"छापू का?" संपादक मुलीने विचारलं.

"मेट्रनशी कोण बोललं?"

"सगळ्या मुली तेच सांगतायत."

"मग तू ठरव," म्हणून बाईंनी जीभ आवरली.

बातमी छापून आली आणि मेट्रन तणतणत थेट पाक्षिकाच्या खोलीत. "बॉयलर जळालाय! आजारी मुलींसाठी माझ्या शेगडीवर पाणी तापवतेय मी!"

त्या गेल्यावर मुलगी रडकुंडीला आली. "तुम्ही थांबवलं का नाही?"

"शंका होती, म्हणून तर विचारलं," बाई म्हणाल्या. पण मेट्रनचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. आपल्या शिकवण्याची किंमत तिसऱ्याच माणसाने मोजली होती. "चल, माफी मागायला मीही येते. बोलायचं मात्र तू."

मेट्रननी बसा म्हटलं नाही. मुलगी उभ्यानेच अडखळत बोलली. माफी तिने पहिल्या पानावर, बातमीच्याच जागी छापली. मग नवा बॉयलर कुणामुळे रखडला, ते चार ठिकाणी विचारून लिहिलं.

प्राचार्यांनी बाईंना गाठलं. "तेवढी बातमी काढा."

"संपादकांशी बोला, सर."

मुलीने प्राचार्यांचंही म्हणणं बातमीत घातलं आणि बातमी छापली. पंधरवड्यात नवा बॉयलर बसला. मेट्रन तिच्याशी मोजकंच बोलायच्या, पण बोलायच्या.