आवतन दिलेली जोडी

मी तहसीलीत कनिष्ठ लिपिक म्हणून नुकताच लागलो होतो. घरातला पहिला पदवीधर. आईची तर खात्रीच होती की आता सरकार मीच चालवतो. त्या पोळ्याच्या सकाळी मलाही थोडं तसं वाटलं. वैनगंगा चढत होती, काठचं एक गाव रिकामं करायचं होतं आणि वायरलेस माझ्या हातात होता. मी चंद्रपूरला कळवायचं, चंद्रपूरनं मुंबईला. प्रश्न उलट्या वाटेनं यायचे आणि येताना वाटेत चिडायचे.

दुपारपर्यंत मोटारबोटीनं सगळं गाव पलीकडच्या टेकाडावरच्या शाळेत नेलं. बायका कपड्यांची गाठोडी विसरल्या, पण पुरणाची पातेली मांडीवर घेऊन आल्या. मागे उरला एक म्हातारा आणि त्याची बैलजोडी. पाणी त्याच्या अंगणाला लागलं होतं.

सोबत आलेल्या तहसीलदार बाई कोकणातल्या. त्यांनी समजावलं, दटावलं. म्हातारा बैलाची मान खाजवत राहिला.

"काल खांदे शेकले, आवतन देल्लं, बाई. उद्या जेवाले या म्हटलं. आता उपाशी सोडून जाऊ का यायले?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून त्यांना असं रीतसर जेवायला बोलावतात, हे मी सांगितलं. तेवढ्यात मुंबई विचारते आहे म्हणून चंद्रपूरनं विचारलं, गाव रिकामं झालं का? एक माणूस बाकी आहे, मी म्हणालो. कशासाठी? बैल जेवायचे आहेत.

बाईंनी म्हाताऱ्याला विचारलं, "भाऊ, पुरण कुठे आहे?"

"सून घेऊन गेली ना."

"मग जेवण तिकडे आणि पाहुणे इकडे. हे कसलं आवतन?"

म्हातारा पहिल्यांदा हसला. "हे तं खरंच हाय," म्हणाला आणि कासरे घेऊन बोटीत बसला. बैल बुजतील म्हणून त्यानं मोटार बंद करायला लावली. सरकारी मोटारबोट आम्ही वल्ही मारत नेली, मागे दोन शिंगवाली डोकी पोहत होती.

शाळेच्या अंगणात बैल सुनेच्या हातून पुरणपोळी खात असताना मी "गाव रिकामं" असं कळवलं. इतका उशीर का, चंद्रपूरनं करड्या आवाजात विचारलं. मी कारण सांगितलं.

"जेवले ना पण?" तिकडून आलं.