खांद्यावरची दोन बोटं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी सरकारी शाळांच्या विद्यार्थी साहाय्य विभागात टायपिस्ट. शहरातल्या ज्या मुलांना शाळेत जास्तीची मदत लागते, कोणाला बोलायला, कोणाला चालायला, कोणाला नुसतं वर्गात टिकायला, त्यांच्या फायली आमच्याकडे असतात. कोणाला किती तास मदतनीस द्यायची, हे त्या फायलींवरून ठरतं. म्हणून फायलीत कोणी चुकीचं लिहिलं की माझं डोकं फिरतं. आणि आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या एका बाईने अकरा महिने रोज चुकीचं लिहिलं.

ती बाई म्हणजे आमच्याच आवारातल्या शाळेतल्या मदतनीस मावशी. अंगाने भरलेल्या, गुडघे कुरकुरणारे, एप्रनच्या एका खिशात चार रुमाल आणि दुसऱ्यात लिमलेटच्या गोळ्या, त्या म्हणे घशासाठी. बावीस वर्षं नोकरी झालेली. मुलांवर त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही, मला मात्र येता-जाता टोमणे. "टायपिस्टबाई, तुमचं बरं आहे. तुमचं मशीन बडवलं की ऐकतं," असं म्हणायच्या आणि स्वतःच हसत सुटायच्या.

त्यांच्याकडे दिलेली मुलगी नऊ वर्षांची. बोलणं जवळजवळ नाहीच. दोन्ही हात पाठीमागे बांधून वर्गभर फिरायची, प्रत्येकाच्या डब्यात डोकावून पुढे सरकायची, म्हणून तिचं नाव पडलं इन्स्पेक्टर. हातपाय ठणठणीत, पण कुठलंही काम तिच्याकडून सुरूच व्हायचं नाही. जिन्याशी यायची, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवायची आणि तिथेच थांबायची. जाकिटाची चेन हातात धरून बसायची. डब्याच्या झाकणावर हात ठेवून मधली सुट्टी संपवायची.

मावशींनी त्यावर काय केलं, तर त्यांच्या मते काहीच नाही. त्या तिच्या मागे उभ्या राहायच्या आणि तिच्या उजव्या खांद्यावर दोन बोटं टेकवायच्या. ढकलणं नाही, बोलणं नाही. बोटं टेकली की पोरगी जिना चढायची, चेन लावायची, डबा उघडून खायची. तीन आठवड्यांत ही जादू जमली आणि सगळी शाळा बघत राहिली.

आता आमचा तक्ता. मदतनिसाने रोज तो भरायचा असतो. अकरा कामं आणि प्रत्येकापुढे तीन रकाने: स्वतः, मदतीने, जमले नाही. मावशी डोळे झाकून 'स्वतः'मध्ये टिक करायच्या. त्यांच्या लेखी मदत म्हणजे हात धरून चढवणं, घास भरवणं. त्या तर नुसत्या उभ्या असायच्या. दर शुक्रवारी तक्त्याची एक प्रत घरी जायची. इन्स्पेक्टरची आई कपड्याच्या दुकानात अल्टरेशनचं काम करते, एकटीच पोरीला वाढवते. ती ते तक्ते कपाटाच्या दारावर चिकटवायची. एकदा मला भेटली तेव्हा हसत म्हणाली की आता दारावर जागा उरली नाही, दुसरं कपाट घ्यावं लागणार.

वर्ष संपत आलं तसा मानसतज्ज्ञांचा शेरा आला: अकरापैकी अकरा कामं मुलगी स्वतः करते, तेव्हा पुढच्या सत्रापासून मदतनिसाची गरज नाही. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. चाळीस मुलं मदतनिसासाठी रांगेत होती. मी तो कागद टाइप केला, वर मला आनंदही झाला. कपाळ माझं.

तोच कागद सहीसाठी घेऊन मी शाळेत गेले, तर मावशी दात काढायला गेलेल्या. तासाभरात येते म्हणाल्या होत्या. जिन्यापाशी इन्स्पेक्टर उभी होती. पाठीला दप्तर, एक पाय पहिल्या पायरीवर. वर्ग कधीच वर गेला होता. वरून बाई 'ये गं, ये' म्हणत होत्या, पण तीस मुलं सोडून त्यांना खाली येता येईना. झाडूवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, घंटा झाल्यापासून अशीच आहे. म्हणजे पंचवीस मिनिटं. मी हात धरायला गेले तर तिने तो हिसकावून घेतला. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. मग मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

मावशी आल्या, गाल सुजलेला, तोंडात कापूस. तिच्या मागे उभ्या राहिल्या, दोन बोटं टेकवली. पोरगी टकाटक वर गेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहीचा कागद त्यांच्यापुढे धरून मी विचारलं, "मावशी, ही मदत नाही तर काय आहे?"

त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं, कागद वाचला आणि जिन्यावर बसकण मारली. "ह्याला मदत म्हणतात," त्या हळूच म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नाही हो."

आढावा बैठक गुरुवारी होती. मी त्यांना समजावलं की प्रत्येक तक्त्याखाली 'वरील माहिती खरी आहे' असं छापलेलं असतं आणि त्यावर त्यांची सही आहे. अशा दोनशे सह्या. कबूल केलंत तर चौकशी लागेल, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना. गप्प बसा, डॉक्टरांचं पत्र आणू, दुसरा काही मार्ग काढू. त्यांनी एवढंच विचारलं की मार्ग निघेपर्यंत ती पायरीशीच उभी राहणार ना?

बैठकीत विभागप्रमुख, मानसतज्ज्ञ, वर्गाच्या बाई, मावशी, लेकीला घेऊन आलेली आई आणि टिपणं घ्यायला मी. आईने सगळे तक्ते दारावरून काढून पिशवीत घालून आणले होते, दाखवायला. मावशींनी उभं राहून सगळं सांगितलं. विभागप्रमुखांना वाटलं, पोरीवर जीव जडलाय म्हणून बाई स्वतःकडे कमीपणा घेतायत. तेव्हा मानसतज्ज्ञ म्हणाले की करूनच बघू. मावशींना भिंतीपाशी उभं केलं आणि मुलीला जाकिटाची चेन लावायला सांगितलं.

इन्स्पेक्टरने चेनची दोन टोकं हातात धरली आणि थांबली.

मी मिनिटं लिहीत होते. एक. दोन. आई पुढे वाकून हळू आवाजात लाव गं, लाव, म्हणत होती. मावशींनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. मी बाजूला बसले होते म्हणून मला दिसलं, उजव्या हाताची बोटं सुटायला धडपडत होती आणि डावा हात त्यांना आवळून धरत होता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पुसायलाही त्यांनी हात सोडला नाही. चार मिनिटं झाली. पोरीला हरू देण्यासाठी त्यांना उभं राहावं लागत होतं, आणि तेही तिच्या आईसमोर.

आईने मान वळवली. "म्हणजे मी दारावर लावलं ते सगळं खोटं होतं?"

"काम खरं होतं," मावशी म्हणाल्या. "एकटीने केलं, हे खोटं. ती चूक माझी आहे, तिची नाही."

विभागप्रमुख कसंबसं म्हणाले, पुरे, जा तिच्याजवळ. मावशी गेल्या, बोटं टेकवली आणि चेन सर्रकन वर गेली.

मुलीला मदतनीस पुढेही मिळणार असं ठरलं. 'खांद्याला स्पर्श करून कामाची सुरुवात करून देणे' ही मदत म्हणून फायलीत नोंदली गेली. आणि चुकीच्या नोंदींबद्दल मावशींना लेखी समज, वर महिनाअखेरीस दुसऱ्या शाळेत बदली. नियमच तसा. तो आदेश मीच टाइप केला, आणि मशीन इतकं बडवलं की शेजारच्या खोलीतून माणूस बघायला आला.

आई आठ दिवस मावशींशी बोलली नाही. नवव्या दिवशी शुक्रवार होता. तिने स्वतःच येऊन तक्ता मागितला. अकराच्या अकरा टिका 'मदतीने'मध्ये. तिने तो वाचला, घडी न घालता पिशवीत ठेवला आणि विचारलं, घरी मी पण अशीच बोटं ठेवू का? मावशींनी तिथेच तिला दाखवलं, कुठे ठेवायची, किती टेकवायची.

नवी मदतनीस चांगली होती, पण इन्स्पेक्टर तिची बोटं खांदा उडवून झटकायची. शेवटचा दिवस उजाडला तरी तेच. मावशींचा जीव टांगणीला लागलेला. त्या मुद्दाम आधीच वर जाऊन जिन्याच्या टोकाला उभ्या राहिल्या, मी त्यांच्याजवळ. खाली नव्या बाईने बोटं टेकवली, पोरीने झटकली. एक पाय पहिल्या पायरीवर. मला ती पंचवीस मिनिटं आठवली.

मग तिने पाठीमागचा डावा हात सोडवला, वर नेला आणि आपल्याच उजव्या खांद्यावर आपलीच दोन बोटं ठेवली. क्षणभर तशीच उभी राहिली आणि चढायला लागली. अठरा पायऱ्या. वर आल्यावर बोटं काढली, हात पुन्हा पाठीमागे बांधले, मावशींच्या एप्रनच्या खिशात डोकावली आणि वर्गात निघून गेली.

मावशींनी तक्ता काढला, पण पेन्सिल काही केल्या टेकेना. एकदा पोळलेलं माणूस. "टायपिस्टबाई, ही कशात धरायची हो?" असं विचारता विचारता त्यांचा हात 'मदतीने'कडे वळला.

मला असा राग आला. मी त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, 'स्वतः'मध्ये टिक केली आणि खाली साक्षीदार म्हणून सही ठोकली. तसा अधिकार टायपिस्टला नाही. चौदा वर्षांच्या नोकरीत असल्या तक्त्यावर मी केलेली ती एकच टिक, आणि कपाटाच्या दारावर ती अजून आहे.