खोंडाच्या मातीवरचं गवत

सुरुवातीलाच माझ्या थोरल्या बहिणीबद्दल लिहितो, कारण मी जो काही झालो तो तिच्यामुळे. आम्ही तिला आक्का म्हणायचो. लोकांच्या रानात खुरपणी करून तिने मला सोलापूरच्या कॉलेजात शिकवले. घराण्यातला पहिला पदवीधर मी, पहिला फौजदारही मीच. नोकरीतली जी एक घटना इतक्या वर्षांनीही मनातून गेलेली नाही, ती मी सगळ्यांत आधी तिलाच कळवली होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून थोडीच वर्षे झाली होती. माझी नेमणूक दक्षिण सोलापुरात होती. लोकांनी छावणीत राहून, स्वतः अर्धपोटी राहून गुरे जगवून आणली होती. त्यामुळे त्या भागात जनावर मेले की घरात चूल पेटत नसे. श्रावणातल्या एका सकाळी मंद्रूपजवळच्या एका खेड्यातला शेतकरी गावच्या पोलीस पाटलाला घेऊन ठाण्यात आला. त्याच्याकडे खिलार खोंडांची जोडी होती. दोन्ही खोंडे पुरती दोन वर्षांचीही झाली नव्हती. एक आठवड्यापूर्वी मेले, दुसरे त्याच पहाटे. सांजेला वैरण खाल्ली आणि सकाळी ताठ.

"ईख घातलंय, साहेब," तो म्हणाला. "आन् कुणी घातलंय तेबी म्हाईत हाय."

"कुणी?"

पाटलांनीच सांगितले, "ह्येचा धाकटा भाऊ. परवा गोठ्यामागं गवताची पेंडी घिऊन हुबा व्हता. म्या सोता बगितलं."

दोघे भाऊ वेगळे झाले होते. वाटणीत तीन खोंडांपैकी दोन थोरल्याला गेली, एक धाकट्याला. धाकट्याचे खोंड गेल्या पावसाळ्यात असेच अचानक मेले. त्यानंतर त्याची नजर लागू नये म्हणून थोरल्याने त्याला गोठ्यात पाऊल टाकू दिले नव्हते. आता थोरल्याचीही दोन्ही गेली. ऐकणाऱ्याला हेतू शोधायला लांब जावे लागत नव्हते. भारतीय दंड विधान कलम ४२९ खाली जनावर मारल्याची फिर्याद नोंदवली, मेलेल्या खोंडाजवळ एक शिपाई बसवला, गुरांच्या डॉक्टरांना निरोप पाठवला आणि धाकट्याला चौकशीला आणले.

आमचे जमादार दुधनीकडचे, तोंडाने तिखट. "खोंडं कुणाची?"

"दादाची."

"मग तुझं काय काम तितं?"

"वासरं व्हती तवापास्नं म्याच वाडवलीत. वाटणीत गेली म्हून काय वळख इसरत्यात व्हय?"

"तुझं मेलं, त्याची जगली. पोटात दुखलं असंल की."

"दुखलं की. तुमचं न्हाय दुखलं आसतं?"

"मग चोरून कशाला चारत होतास?"

"दादा मला बगितला की त्वांड फिरवतुय. खोंडं न्हाईत फिरवत."

विषप्रयोग करणाऱ्याला चाऱ्याबद्दल विचारले की तो एकतर काहीच सांगत नाही, नाहीतर फार सांगतो, असा माझा अनुभव. हा माणूस विचारले तेवढेच सांगत होता आणि त्यात स्वतःच अडकत होता. गवत आपणच चारले, हे तो नाकारतही नव्हता. तिथे मला प्रथम शंका आली.

डॉक्टर आल्यावर धाकट्यालाही बरोबर घेऊन पंचनाम्याला गेलो. खोंडाची मागची मांडी सुजली होती. डॉक्टरांनी दाबली तर कातड्याखाली कोरडा पाला चुरडावा तसा आवाज आला. त्यांनी सुजेतले पाणी तपासणीला घेतले.

"हा फऱ्या," ते म्हणाले. "कोवळं, अंगानं भरलेलं जनावर असलं की त्यालाच गाठतो. विष नव्हे. ह्या रोगाचे जंतू वर्षानुवर्षं मातीत राहतात." मग त्यांनी विचारले, "जवळपास मेलेलं जनावर पुरलंय का कुणी?"

धाकटा म्हणाला, "माजं खोंड."

मेलेले जनावर गावाबाहेर ओढून न्यायचे आणि कातडे सोलायचे, ही तिकडची रीत. याने ते नेऊ दिले नव्हते. "त्येच्या कातड्याची चप्पल कुणाच्या पायात बगायची?" असे म्हणून हळदकुंकू लावून स्वतःच्या बांधाकडेला पुरले होते. खाली मुरूम, त्यामुळे खड्डा गुडघाभरच. आम्ही जाऊन पाहिले. कुत्र्यांनी माती उकरली होती, हाडे उघडी पडली होती. भोवती मात्र साऱ्या शिवारात नव्हते इतके हिरवे गवत.

"पेंडी हितलीच कापायचास?" मी विचारले.

"व्हय. त्येच्या मातीवरचं हाय. त्येच्या भावांनी खाल्लं तर बरं, आसं वाटायचं."

सांगायचे कुणी, हा प्रश्न होता. शेवटी डॉक्टरांनीच, ह्या मातीतले जंतू गवताबरोबर खोंडांच्या पोटात गेले, हे सावकाश समजावून सांगितले. सगळे ऐकून तो खाली बसला.

"म्हंजे साहेब, म्याच की."

आमच्या मागोमाग आलेला थोरला पुढे झाला. "तू न्हाईस रं. ऊठ, घरला चल." तो उठला नाही. थोरलाही मग त्याच्याशेजारी मातीतच बसला.

तपासणीत फऱ्याच निघाला. फिर्याद गैरसमजातून दिलेली, म्हणून 'सी' समरीचा अहवाल कोर्टात पाठवून प्रकरण बंद केले. हेतू शोधणे हा पोलिसाचा धंदा. इथे हेतू सापडला होता, पण तो माया होता, आणि मायेला कलम नाही. त्यानंतर कुणी कबुली दिली तरी मी ती लगेच गुन्ह्याची कबुली मानली नाही. आधी ऐकून घेत राहिलो.

महिन्याभराने त्या गावावरून आलो आणि आक्काला पत्र लिहिले. तिला वाचता येत नसे, शेजारचे मास्तर वाचून दाखवत.

"तीर्थरूप आक्कास शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. आपल्या गोठ्यातल्या पाड्याला फऱ्याची लस टोचून घे, दवाखान्यात मिळते. जनावर मेलेच तर खोल पुरायला लाव, वर चुना टाक, आणि तिथले गवत कुणाला कापू देऊ नकोस. मागे ज्याची हकिकत कळवली होती तो माणूस आज भेटला. दोघे भाऊ पुन्हा एका घरात राहतात. थोरल्याने नवी कालवड आणून त्याच्याच हवाली केली आहे. तो तिला धुतो, पाणी पाजतो, तिच्याजवळच निजतो. वैरण टाकायची वेळ झाली की मात्र वहिनीला हाक मारतो आणि हात मागे बांधून उभा राहतो."