छातीतली नोंद

प्रल्हाद मंगळवारी सकाळी मंठ्यातल्या राहत्या घरी वारला. त्या वेळी घरात दुसरं कोणी नव्हतं. त्याची बायको, सुशीलावहिनी, दळण आणायला गिरणीवर गेल्या होत्या. परतल्या तेव्हा तो खाटेशेजारी पडलेला होता.

मोटार वाइंडिंग करणारा प्रल्हाद माझा शाळेपासूनचा मित्र. वर्षभरापासून त्याला अचानक चक्कर येऊन शुद्ध हरपायची. दवाखान्यात नेईपर्यंत तो उठून बसलेला असायचा आणि कार्डिओग्राम चांगला यायचा. म्हणून डॉक्टरांनी छातीवर, कातडीखाली, पेनाच्या टोपणाएवढं यंत्र बसवलं. हृदय मध्येच थांबतं का, हे ते टिपणार होतं. थांबत असेल तर पेसमेकर बसवायचा, असं ठरलं होतं. "मोटर जळाली तं मी खोलून बघतो," तो मला म्हणाला होता, "ह्या डॉक्टरनं चालू मोटरीतच मीटर बसवलं राव."

नोंदी त्याच्या फोनवरून रुग्णालयात जात. पण चक्कर आली त्या प्रत्येक वेळची ठोक्यांची रेषा खरखरीनं भरलेली निघायची... ठोका थांबला की नुसता सिग्नल तुटला, हे डॉक्टरांना सांगता येईना. घराला लागून असलेल्या दुकानातल्या मोटारींमुळे, हातांना पडणाऱ्या जोरामुळे तसं होत असावं, म्हणून त्यांनी काम बंद ठेवायला सांगितलं. प्रल्हादनं शटर ओढलं आणि घरी बसला. बायकोच्या नजरकैदेत आहे, असं येईल त्याला सांगायचा. चक्कर येत राहिली, खरखरही.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी मी वहिनींना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. चक्कर आली की घरी नेमकं काय व्हायचं, असं त्यांनी विचारलं.

"काय व्हणार? ह्यांचे डोळे फिरले की मी जल्दी छाती चोळायला बसायची," वहिनी म्हणाल्या. "शुद्धीवर येइस्तोवर हात काढला न्हाई कधी."

कुठं, हे दाखवायला त्यांनी स्वतःच्या छातीवर डावीकडे तळहात फिरवला. यंत्र तिथंच होतं. डॉक्टर म्हणाले, वरची कातडी हलली, दाबली गेली, तरी रेषेत खरखर येते. हे आपण आधीच विचारायला हवं होतं.

 वहिनींनी एवढंच विचारलं, "मंग ह्या वेळचं? मी गिरणीवर व्हते तवाचं?"

डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. त्या मंगळवारच्या सकाळची नोंद पूर्ण आली होती. ठोके, मग सरळ रेषा. खरखर कुठंही नव्हती.